उतरत्या विमानाचा वारा

१

वही गेली, आणि चोर म्हणून नाव लागलं ते मंजिरीचं.

मंजिरी ताम्हणे ही माझी चौतीस वर्षांची मैत्रीण. ती लंडनजवळच्या स्लाऊची, मी लीड्सची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी स्लाऊमध्येच नर्सिंग करत होते आणि तिच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. पुढे मी लीड्सच्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर झाले, तिथेच रिटायर झाले. तरी दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो म्हणजे येतो. दोन हजार सातच्या मार्चमधल्या एका रविवारी तो सकाळी सातलाच आला आणि मी म्हटलं, कोणीतरी गेलं.

"श्यामा," ती म्हणाली, "मी चोर दिसते का गं?"

मग रडली. मंजिरी रडणाऱ्यातली नाही. तिच्या पोटातलं काढायला मला अर्धा तास लागला.

झालं होतं ते असं. तिचे यजमान उदयराव, वय एकोणसत्तर, ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका वेअरहाऊसमधून रिटायर झालेले. त्यांना विमानं बघायचं वेड आहे. बघायचं म्हणजे नुसतं नाही. गाडीला जशी नंबरप्लेट असते तशी प्रत्येक विमानाच्या शेपटाकडे काही अक्षरं असतात, ती वाचायची आणि वहीत उतरवायची. इकडे अशा माणसांना प्लेन स्पॉटर म्हणतात. मंजिरी वेगळं काहीतरी म्हणते, ते इथे लिहीत नाही. हीथ्रो जवळच, त्यामुळे यांचं सगळं आयुष्य मागच्या गार्डनमध्ये खुर्ची टाकून मान वर करण्यात गेलं.

त्यांच्या वह्या पुष्कळ. पण जीव एकीवर, ती जंबोची वही. पंजाएवढी, जाड, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात फक्त जंबो जेट. पहिली ओळ एकाहत्तर सालची, ज्या जंबोने ते स्वतः या देशात आले त्याची. वहीचे नियम कडक होते. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं तरच लिहायचं, शाईनेच लिहायचं, आणि एकदा लिहिलं की खोडायचं नाही.

फेब्रुवारीत ही दोघं मराठी मंडळींच्या ग्रुपबरोबर कॅरिबियनच्या क्रूझला गेली. तिथल्या एका बेटावर बीचला लागूनच रनवे आहे. विमानं माणसांच्या डोक्यावरून, अगदी हात वर केला तर लागेल असं वाटावं इतक्या खालून उतरतात. बोटीवरच्या पाहुण्यांसाठी तिथे खास गाईडसह सहल असते. पोहा, लोळा, आणि विमानं बघा. उदयराव त्या एका दुपारसाठी दोन आठवडे बोटीवर राहायला तयार झाले होते. आणि नेमकी त्याच दुपारी वही गेली.

जंबो उतरलं, वाळू उडाली, आणि बसमध्ये बसताना वही नव्हती. विमानाच्या वाऱ्याने उडाली, समुद्रात गेली, असं सगळ्यांनी ठरवलं. पण मंजिरी गेली तीस वर्षं चारचौघांत म्हणत आलीये की एक दिवस मी ही वही समुद्रात फेकणार आहे. आता समुद्र होता, वही नव्हती आणि मंजिरी शेजारीच उभी होती. काल पाडव्याच्या जेवणाला मंडळात कोणीतरी भर पंगतीत म्हणालं, "वहिनी, शेवटी शब्द खरा केलात." सगळे हसले.

"आणि उदयराव?" मी विचारलं.

"ते ताटात बघत बसले," मंजिरी म्हणाली. "एक शब्द बोलले नाहीत. श्यामा, त्यांनापण तसंच वाटतंय गं."

मी त्याच दिवशी दुपारची ट्रेन पकडली.

२

स्टेशनवर उदयराव घ्यायला आले होते, पण गाडी न घेता, बसने. पेट्रोल महाग झालंय म्हणाले. मी त्यांच्यासमोर चार पावलांवर बॅग घेऊन उभी, तर हे माझ्या पलीकडे बघतायत. हाक मारली तेव्हा म्हणाले, "अहो श्यामलाताई, तुम्ही होय!" मला वाटलं, माणूस वहीच्या दुःखात आहे.

घरी गार्डनकडचा पडदा ओढलेला. त्या घरात तो पडदा मी चौतीस वर्षांत दिवसा कधी ओढलेला पाहिला नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची दुर्बीण उघडीच पडलेली, आणि तिच्यावर धूळ. मंजिरी म्हणाली, परत आल्यापासून बाहेर बसलेच नाहीत.

वरून एक विमान गेलं. मी मुद्दामच म्हटलं, "बोइंग वाटतं."

"एअरबस," उदयराव पेपरातून मान वर न करता म्हणाले. "बोइंगचा आवाज असा नसतो."

हा त्यांचा स्वभावच. विमानाबद्दल कोणी चुकीचं बोललं की हे दुरुस्त करणार. मंडळाच्या अध्यक्षांना भर भाषणात थांबवून सांगितलंय की काँकॉर्डला चार इंजिनं होती, दोन नाही. लग्नात, बारशात, एकदा तर क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्येसुद्धा त्यांनी कोणाचं तरी विमानाचं ज्ञान सुधारलं होतं. मला तेवढंच बरं वाटलं. अजून जीव आहे म्हटलं यांच्यात.

मग ते चहा ओतायला उठले. माझा कप भरून बशीत आला तरी ओतत होते. दुसऱ्या कपाच्या वेळी त्यांनी काठावर बोट ठेवलं आणि चहा बोटाला लागल्यावर थांबले. मंजिरीने फडकं आणलं आणि पुसलं.

रात्री स्वयंपाकघरात मंजिरीला मी खनपटीला बसून विचारलं. खरं सांग, वही तू फेकलीस का. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विचारल्याची मलाच लाज वाटली. ती म्हणाली, त्या वहीत मी आहे. त्र्याहत्तर साली मी ज्या जंबोने आले त्याचा नंबर त्यांनी हीथ्रोच्या गच्चीवर उभं राहून लिहिला होता, आणि समासात नुसतं 'मं.' असं लिहिलं होतं. आमची लेक निधी झाली त्या दिवसाची ओळ आहे, आई गेली तेव्हा मी गेले त्या विमानाची आहे. तोंडाने मी काय वाटेल ते बोलेन, पण ती वही मी फेकीन का?

मग तिने बीचवरचं सांगितलं. उदयराव पाण्यापासून वीसेक पावलांवर उभे होते. वही हातात, दुर्बीण केसमध्ये, केस खांद्याला. जंबो आलं, मंजिरीने कान झाकले, डोळेही मिटले, कारण तिला भीती वाटते. उघडले तेव्हा सगळे ओरडत, नाचत होते. बसकडे निघताना तिनेच विचारलं, अहो, वही घेतलीत ना? ते म्हणाले, नाहीये. मग कोणीतरी म्हणालं वाऱ्याने गेली असेल, आणि सगळे पाण्याकडे धावले.

"तेही धावले?"

"नाही," ती म्हणाली. "ते उभेच राहिले."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्काकडे गेले. उल्का बर्वे मूळची पुण्याची, पस्तिशीची, स्लाऊमधूनच मराठी ग्रुप्ससाठी टूर काढते. या क्रूझचं गायडिंगही तिचंच. दार उघडल्या उघडल्या तिने मला सांगितलं की पर्सनल बिलाँगिंग्जची जबाबदारी कंपनीवर नसते, हे फॉर्मवर लिहिलेलं आहे. मी म्हटलं, बाळ, मला चहा दे आणि फोटो दाखव.

पोरगी कामाची निघाली. त्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद तिने जपून ठेवला होता. बीचवरच्या बारबाहेर एक सर्फबोर्ड उभा करून ठेवलेला असतो आणि त्यावर मोठ्या विमानांच्या वेळा खडूने लिहितात, त्या तिने उतरवून घेतल्या होत्या. साडेबाराला बस पोचली, अडीचला सुटली. जंबो उतरायचं दोनच्या सुमाराला. परत उडायचं साडेचारला, म्हणजे तेव्हा ही मंडळी बोटीवर चहाला बसलेली.

"मग त्या दोन तासांत तिथून उडालं काय काय?"

"पंखावाली छोटी छोटी," उल्का म्हणाली. "प्रॉपेलरची. त्यांचे कोणी फोटोपण काढत नव्हतं."

ग्रुपचे फोटो तिने डिजिटल कॅमेऱ्यावर काढले होते आणि कॉम्प्युटरवर ओळीने लावले होते, प्रत्येकावर वेळ. मी चष्मा सारखा करून बसले. वॉर्डात माझी एक सवय होती. पेशंटचा चार्ट वाचताना काय लिहिलंय ते सगळेच बघतात, मी काय लिहिलेलं नाही ते आधी बघायची. फोटोही तसेच बघायला घेतले.

एक वाजून बावन्न. उदयराव वाळूत उभे, खांद्याला चामड्याची केस, हातात निळी वही. एक सत्तावन्न. जंबो अजून समुद्रावर लांब, काडेपेटीएवढं, आणि झाडून सगळ्यांच्या माना वर. फक्त उदयरावांची मान खाली. एक अठ्ठावन्न. जंबोचं पोट सगळ्या फोटोभर, खाली माणसं. दोन बावीस. सगळे बसकडे निघालेले, उदयराव शेवटी, दुर्बीण गळ्यात लोंबतेय, केस खांद्याला.

"यात काही आहे का मावशी?" उल्काने विचारलं.

काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना. मी ते फोटो छापून घेतले. निघताना उल्का हळूच म्हणाली की मावशी, तुम्ही लेस्टरच्या राजीवला भेटा. बीचवर त्याची आणि काकांची काहीतरी बाचाबाची झाली होती. जंबो उतरल्यावर तो काकांकडे धावत गेला, मोठ्याने काहीतरी बोलला, आणि काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

४

राजीव समर्थ, वय चाळीस, जन्म लेस्टरचा, नोकरी कौन्सिलमध्ये. तोही स्पॉटर. उदयरावांशी त्याची जुनी चुरस, कोणाची जंबो जास्त म्हणून. मी लेस्टरला जाऊन त्याला बेलग्रेव्ह रोडवरच्या एका भेळेच्या दुकानात गाठलं. पोरगं साधं. मराठी बोलताना लिंगाची पार वाट लावतं, पण बोलतं मराठीतच, मला त्याचं फार कौतुक.

मी सरळच विचारलं, वही तू घेतलीस का? त्याचा चमचा हवेतच राहिला.

"मी? आंटी, काकांचा तो वही माझ्यासाठी बायबलसारखा आहे," तो म्हणाला. "मला बघायला पण दिला नाही त्यांनी त्या दिवशी."

मग बाचाबाची कसली? तो म्हणे बाचाबाची कुठली, मी तर न्यूज द्यायला गेलो होतो. एका युरोपियन कंपनीची सगळी जंबो उदयरावांनी बघितली होती, एक सोडून. ज्याचं शेवटचं अक्षर के, ते काही केल्या त्यांच्या नशिबात येत नव्हतं. दहा वर्षं ते त्याच्या मागे होते. आदल्या संध्याकाळी राजीवने बोटीवरच्या इंटरनेटवर बघून त्यांना आनंदाने सांगितलं होतं की काका, उद्या के येतंय. काका त्या रात्री जेवले नाहीत. पण ऐन वेळी कंपनीने विमान बदललं. डोक्यावरून गेलं ते के नव्हतं, सी होतं. सी दोघांनीही पूर्वीच बघितलेलं. राजीवने दुर्बिणीतून अक्षर वाचलं, हळहळला, आणि काकांकडे धावत जाऊन ओरडला की काका, सी आहे, सी, बॅड लक. आणि म्हणाला, संध्याकाळी वह्या जुळवू.

वह्या जुळवणं हा यांचा रिवाज आहे. दोन स्पॉटर एका जागी असले की संध्याकाळी समोरासमोर बसून नंबर वाचून दाखवतात आणि एकमेकांच्या वहीत बरोबरची खूण करतात. आमचं ड्यूटी बदलताना हॅन्डओव्हर असायचं तसंच काहीसं.

"मग बसपाशी आलो तर वही गॉन," राजीव म्हणाला. "सगळे बोलले वाऱ्याने गेला. मला तर तेव्हाच सिली वाटलं."

"का रे?"

राजीवने भेळेची प्लेट बाजूला सारली आणि पेपर नॅपकिनवर मला चित्र काढून दाखवलं. त्या बीचवर माणसं वाऱ्याने खरंच पडतात, टोप्या, टॉवेल, सगळं समुद्रात जातं. पण कधी? विमान उडताना. तेव्हा ते बीचकडे पाठ करून उभं राहतं आणि इंजिनं पूर्ण जोरात मारतं. उतरणारं विमान इंजिनं मंद करून येतं. त्याने कान फुटतात, थोडी वाळू उडते, केस विस्कटतात. पुठ्ठ्याची जाड वही हातातून जाणार नाही.

"हे कोणालाही माहीत असतं?"

"कोणालाही नाही. पण स्पॉटरला असतंच. काकांनीच तर मला शिकवलं."

मी भेळ अर्धी टाकली. उडणारं जंबो साडेचारचं. म्हणजे ही मंडळी तिथे असताना वही उडवणारा वारा सुटलाच नव्हता. आणि त्या बीचवर हे सगळ्यात पक्कं ठाऊक असलेला माणूस, जो क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्येसुद्धा गप्प बसला नव्हता, तो 'वाऱ्याने गेली' ऐकून मूग गिळून उभा राहिला होता.

५

ट्रेनमध्ये मी फोटो पुन्हा काढले, आणि या वेळी खटकत होतं ते सापडलं. स्लाऊला उतरले तेव्हा मी इतकी रागावले होते की टॅक्सीवाल्याशीही भांडले.

मंजिरी देवळाच्या भजनाला गेली होती. बरंच झालं. उदयराव पडदा ओढून बसलेच होते. मी पॅसेजमध्ये कोट काढला, तो खुंटीवर लावायला गेले. तिथे त्यांचं पावसाळी जॅकेट होतं आणि त्याच्या खाली चामड्याची केस. मी ती हातात घेऊन बघितली. रिकाम्या केसचं वजन असावं त्याहून जास्त लागलं. मी ती न उघडता आत नेली आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली.

"उदयराव," मी म्हटलं, "बीचवर जाताना दुर्बीण केसमध्ये होती. येताना गळ्यात होती, आणि केस बंद. बघायला काही उरलं नव्हतं, तरी गळ्यात. घरी आल्यापासून ती कट्ट्यावर धूळ खातेय. मंजिरी म्हणते तीस वर्षांत तुम्ही ती कधी उघडी ठेवली नाहीत. केसमध्ये तिच्या जागेवर दुसरं कोण बसलंय?"

त्यांनी केस स्वतःकडे ओढून घेतली.

मी बाकीचंही बोलले. एक सत्तावन्नचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. विमान अजून काडेपेटीएवढं, गरुडालाही त्याचं अक्षर वाचता आलं नसतं, आणि हा माणूस मान खाली घालून लिहितोय. कारण के येणार हे आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मिनिटभराने राजीव ओरडत आला की सी आहे. वहीत शाईने के लिहिलेलं. खोडायचं नाही हा नियम. आणि संध्याकाळी वह्या जुळवायच्या.

"छत्तीस वर्षांत एकच खोटी ओळ," मी म्हटलं, "आणि ती लपवायला तुम्ही बायकोला चोर होऊ दिलंत. पंगतीत. ताटात बघत."

हे मी फार मोठ्याने बोलले असणार. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

उदयरावांनी केसचं बटण काढलं. वही बाहेर काढून टेबलावर ठेवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले, आणि म्हातारा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मला वॉर्डात कितीतरी पुरुष रडताना बघायची सवय आहे, तरी माझा राग गळाला.

"मला दिसत नाही हो श्यामलाताई," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. अक्षरं वाचता येत नाहीत, पेपरही नुसता धरून बसतो. म्हटलं, ते डोक्यावरून जाणार, इतक्या जवळून, तिथे तरी दिसेल. मग ते लांबून यायला लागलं आणि नुसता पांढरा उजेड दिसला. मला वाटलं, राजीवने सांगितलंय ना के आहे, मग केच असणार."

त्यांचे वडील मिरजेला साठीनंतर काचबिंदूने पूर्ण आंधळे झाले होते. हेच ते, आपलीही पाळी आली, असं यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. म्हणून गाडी बंद, म्हणून पडदा. मंजिरीला सांगितलं नाही कारण पुढे सासऱ्यांना इकडे आणल्यावर तिनेच त्यांना सहा वर्षं हाताला धरून फिरवलं होतं, तिच्यावर पुन्हा तेच नको. पंगतीत तोंड उघडलं असतं तर वाऱ्याची गोष्ट खोटी पडली असती, मग वहीची, मग डोळ्यांची. एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं.

आणि मी बया, चाळीस वर्षं पेशंट बघितलेली, बशीत चहा बघून गप्प बसले होते. मी त्यांना खिडकीशी नेलं, पडदा सरकवला, पर्समधला छोटा टॉर्च काढला. डाव्या बुबुळात पांढुरकं, उजव्यात त्याहून जास्त. दिव्याभोवती चक्रं दिसतात का? दिसतात म्हणाले. उन्हात जास्त त्रास? हो. तरीच भर उन्हातल्या बीचवर काही दिसलं नव्हतं. डोळा दुखतो का? नाही. बाजूचं दिसतं का? मी बोटं हलवून पाहिली, दिसत होतं.

"डॉक्टरने बघितल्याशिवाय मी शपथ घेणार नाही," मी म्हटलं, "पण मी अशा डोळ्यांचे शेकडो पेशंट ऑपरेशनला नेलेत. हा वडिलांचा काचबिंदू मला वाटत नाही. हा मोतीबिंदू आहे. अर्ध्या तासाचं काम असतं, संध्याकाळी माणूस घरी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. अगदी बावळटासारखे.

"दिसेल?"

"दिसेल. पण आधी बायकोला सांगायचं. मी सांगणार नाही."

दाराशी किल्ली फिरली. मंजिरी आत आली, टेबलावरची वही बघितली, मग आमची तोंडं बघितली, आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली. मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. चहा मी वीस मिनिटं उकळला.

आत काय बोलणं झालं ते मंजिरीने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा रागाने लाल होता आणि तिने त्यांचा हात घट्ट धरलेला होता.

६

पुढच्या रविवारी मंडळात रामनवमीचा प्रसाद होता. उदयराव उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की वही मी लपवली होती, मंजिरीने नाही, आणि का लपवली तेही सांगितलं. पंगतीत विनोद करणाऱ्या गृहस्थाचा घास घशाशी अडकला. राजीव मुद्दाम लेस्टरहून आला होता. त्याने तिथेच सतरंजीवर बसून वही जुळवली. खोट्या ओळीपाशी आल्यावर उदयरावांनी पेन काढलं आणि तिच्यासमोर समासात लिहिलं, 'पाहिलं नाही. उ.' खोडलं मात्र नाही. राजीवने त्याच्याखाली आपली खूण केली आणि म्हणाला, "काका, हा लाईन तर बेस्ट आहे."

डॉक्टरने मोतीबिंदूच सांगितला. उजवा डोळा जुलैत झाला, डावा ऑक्टोबरमध्ये. जुलैच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मंजिरीचा फोन आला, रविवार नसताना. म्हणाली, सकाळपासून गार्डनमध्ये खुर्ची टाकून बसलेत, जेवायला बोलावलं तर म्हणतात तुझ्या साडीवर बुट्टे आहेत हे मला माहीतच नव्हतं. अगं, साडी तीन वर्षांची आहे. ती इतकी हसत होती की मला पुढचं काही समजलं नाही.

तो सीचा फोटो उल्काने मोठा करून त्यांना दिला होता. अक्षर स्वच्छ दिसत होतं. मी गमतीने म्हटलं, केचाही असाच फोटो कुठूनतरी मिळवा आणि लावा वहीत. त्यांनी मला लगेच दुरुस्त केलं. फोटोतलं धरत नाहीत, डोळ्यांनी बघावं लागतं.

जानेवारीत दोघं पुन्हा त्या बेटावर गेली. या वेळी बोट नाही, उल्काने बीचजवळच आठ दिवसांची खोली बघून दिली होती. मला त्यांचं पोस्टकार्ड आलं ते ती दोघं परत आल्यानंतर, म्हणजे पोस्टाने आपला वेळ घेतला. पुढे बीच, वर विमानाचं पोट. मागे उदयरावांचं अक्षर, शाईचं, सरळ रेषेत. वहीत लिहिलेली ओळ त्यांनी माझ्यासाठी जशीच्या तशी उतरवून काढली होती. तारीख, वेळ, पाच अक्षरं, शेवटचं के. आणि कडेला समासात लिहितात तसं बारीक अक्षरात:

'आधी मं.ने वाचलं, मग मी.'

कार्ड मी फ्रिजवर लावलंय.